दोनदा पाहिलेली वाट

वाटा निवडणं हे आमच्या घरात धुण्याभांड्याइतकं नेहमीचं काम होतं, असं सांगितलं तर हल्लीच्या पोरांना खोटं वाटतं. माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, नेकनूरच्या पुढं एका खेड्यातल्या शाळेत भूगोल शिकवायचे आणि दर वर्षी दिवाळीनंतर आठवी-नववीची पोरं घेऊन सहल काढायचे. एसटी नाही, ट्रॅक्टर नाही, पायी. गाडीत बसून पाहिलेला जिल्हा अंगी लागत नाही, असं त्यांचं म्हणणं. आणि आमचा बीड जिल्हा तरी एका जातीचा कुठं आहे? उत्तरेला गोदाकाठाला काळीभोर जमीन, पावसात गुडघ्यापर्यंत पाय गिळणारी. नारायणगडाच्या बाजूला उघड्या टेकड्या. आमच्या बाजूला बालाघाटाचं माळरान, कुसळी गवताचं, सीताफळीच्या झुडपांचं, आणि त्या माळाची कड एकदम तुटून खाली दऱ्या. कपिलधारचा धबधबा अशाच एका दरीत पडतो. यातलं काय काय पोरांना दाखवायचं, कुठून न्यायचं, पाणी कुठं, सावली कुठं, हे अण्णा जूनपासून ठरवत बसायचे.

त्यासाठी त्यांची एक वही होती आणि मास्तर माणूस असल्यामुळे वाटांनाही ते गुण द्यायचे. पाणी, सावली, पायाखालची जमीन आणि चौथा विषय 'पाहणं', म्हणजे वाटेवरून काय दिसतं ते. प्रत्येकी दहापैकी. पाहण्यात दहा कुणालाच मिळत नसत, जसे ते भूगोलातही कुणाला देत नसत. आणि एक नियम होता, तो त्यांनी कधी मोडला नव्हता: पोरांना न्यायची ती वाट आधी आपण दोनदा चालायची. एकदा पावसात, एकदा पाऊस सरल्यावर. तसं केलं की वहीत शेवटी लिहायचे, "दोनदा पाहिली." हे दोन शब्द नसतील तर हेडमास्तर काय, कलेक्टर आला असता तरी अण्णांनी पोरांना त्या वाटेनं नेलं नसतं.

रविवारी पहाटे उठायचं. माय बुद्धवंदना म्हणत म्हणतच तव्यावर धपाटी थापायची. एका हातानं पाणी लावायची, दुसऱ्यानं उलथायची आणि सूर मात्र कुठं तुटू द्यायची नाही. धपाट्यांचा तो तिळाचा वास, शेंगदाण्याची चटणी फडक्यात बांधतानाची गाठ, रेडिओवरची सकाळची खरखर हे सगळं अजून माझ्या कानानाकात आहे. अण्णा आणि मी निघालो की माय उंबऱ्यातून म्हणायची, "लग्नात सात फेरे न्हाई घेतले ना, त्याचं आता उट्टं काढाय लागलेत." अण्णा लाजायचे. मी तेव्हा बारावी होऊन घरी बसले होते, नर्सिंगचा फॉर्म भरला होता, आणि अण्णांबरोबर चालणं ही माझी ऐट होती. गावातल्या इतर पोरींना नदीपलीकडं जाऊ देत नसत. मी डोंगर पालथे घालत होते.

चालून परत आलो की दुपारच्या चहाला बिरामामा असायचा. मामा धनगर. पावसाळाभर त्याचा वाडा, म्हणजे मेंढरं आणि बिऱ्हाड, माळाच्या कडेला असे. दिवाळीच्या आसपास तो खाली गंगथडीला, म्हणजे गोदाकाठाला, उतरायचा. अण्णांची आणि त्याची दोस्ती वाटांवरून जमली होती. डोंगरातली एकेक पायवाट मामाला मेंढराच्या चालीवरून ठाऊक होती, आणि अण्णा ती नकाशावर उतरवून घ्यायचे. दोघांचं एका गोष्टीवरून नेहमी लागायचं. मामाच्या फेट्यात भंडारा असायचा, आणि आमच्या घरात बुद्धाची मूर्ती सोडली तर काही नाही.

"मास्तर, तुमचा देव बोलत न्हाई, माझाबी बोलत न्हाई. मंग भांडान कशाचं?" मामा म्हणायचा.

"आमचा देव नाही मामा. माणूस होता."

"मंग तर लई ब्येस. मानसाला ईचारता तरी येतंय." आणि बशीतला चहा फुर्र करून ओढायचा.

त्या वर्षीची वाट मामानंच दाखवलेली. कड्याच्या पोटातून दोन हात रुंद अशी एक पायवाट गेली होती. वर कातळ, खाली दरी. मेंढक्यांशिवाय तिकडं कुणी फिरकत नसे. गावातले तिला सज्जा म्हणायचे. भाद्रपदात आम्ही तिघं त्या वाटेनं गेलो. अर्ध्यावर एक वळण होतं, आणि वळणावरून सबंध दरी एकदम समोर यायची: पलीकडच्या कड्यावरून पाच-सहा धारा कोसळतायत, खाली तळाशी हिरवं रान, आणि धुक्याच्या वर एक घार आपल्या पायाखालून उडतेय. अण्णा तिथून हलेचनात. घरी आल्यावर वहीत त्यांनी 'पाहणं'च्या रकान्यात दहा लिहिले. मी हसले तर म्हणाले, "पमे, खरं आहे ते द्यावं लागतं."

माझी नात पुण्याला असते. मागच्या महिन्यात तिनं फोनमध्ये मला दाखवलं, आता वाटांना चांदण्या देतात. पाच चांदण्या, साडेचार चांदण्या. खाली लोकांनी लिहिलेलं असतं, एकदम भारी, जरूर जा. ती म्हणाली, "आजी, तुझ्या तिकडची सगळ्यात सुंदर वाट कुठली गं? आमचा ग्रुप येतोय." मला ती वाट माहीत आहे. चाळीस-पंचेचाळीस वर्षं झाली तरी तिथलं प्रत्येक वळण माहीत आहे. मी तिला म्हटलं, आमच्याकडं काय आहे बघण्यासारखं, सगळा माळ. ती हिरमुसली. म्हणून हे लिहायला घेतलं आहे, नाहीतर उकरून काढायची मला हौस नव्हती.

त्या साली परतीचा पाऊस विचित्र पडला. आठ दिवस थांबेचना. जिथं कधी पाणी नव्हतं तिथं झरे फुटले. आमच्या शाळेमागच्या टेकडीला कान लावला की आतून पाणी गेल्याचा आवाज यायचा, गुळगुळ असा, दम्याच्या माणसाच्या छातीतून येतो तसा. पोरं मजेनं कान लावायची. मायला ते मुळीच आवडायचं नाही. "जमीन अशी बोलाय लागली की मला भ्याव वाटतंय," ती म्हणायची, आणि अण्णा तिला झिरपणं म्हणजे काय ते समजावून सांगायचे. पाऊस उघडला त्या आठवड्यात मामा चहाला आला नाही. कळलं की त्याची काही मेंढरं दगावली आणि तो नेहमीपेक्षा पंधरा दिवस आधीच वाडा घेऊन खाली उतरला. न सांगता गेला, याचं अण्णांना वाईट वाटलं.

आता ती दुसरी गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर माझं वागणं कुणाला कळायचं नाही. आधीच्या वर्षीच्या सहलीत एका गावाबाहेर आम्ही जेवायला थांबलो होतो. झाडाखाली शेंदूर लावलेला एक दगड होता. आमच्या वस्तीतली कांता नावाची पोरगी दमली होती, तिनं आपली पाण्याची बाटली त्या दगडावर टेकवली. बस्स. गावातली चार माणसं धावून आली. कुणाची पोरगी, कुठल्या वस्तीची, हे विचारून झालं आणि तिला तो दगड सगळ्यांसमोर धुवायला लावला. ती रडायला लागली तेव्हा अण्णांनी तिच्या हातातली बादली घेतली आणि स्वतः वाकून दगड धुतला. सोबत पस्तीस पोरं होती, त्यांना सुखरूप घरी न्यायचं होतं, म्हणून ते वाकले. मला ते तेव्हाही कळत होतं. पण बापाची ती वाकलेली पाठ माझ्या डोळ्यांसमोरून वर्षभर हलली नाही.

दिवाळी झाल्यावर आम्ही सज्जा दुसऱ्यांदा पाहायला निघालो. ऊन चांगलं पडलं होतं, सीताफळं डोळे उघडायला लागली होती, आणि तरी त्या दिवशी माळावर कसला आवाज नव्हता. होला नाही, तित्तिर नाही. मेंढरं गेली म्हणून शांत वाटतंय, असं अण्णा म्हणाले. सज्ज्याचं तोंड दोनशे पावलांवर राहिलं असेल तेव्हा त्यांच्या चपलेचा अंगठा तुटला. ते दगडावर बसून सुतळीनं बांधायला लागले आणि मला म्हणाले, "तू हो पुढं, बघून ठेव."

मी झाडीतून तोंडापाशी आले आणि थांबले. वाटेच्या अगदी मधोमध तीन दगड मांडले होते, नारळाएवढे. वर शेंदूर, अजून न विटलेला. पळसाच्या पानावर चिमूटभर भंडारा, आणि त्याला काळ्या लोकरीचा धागा.

मला जो संताप आला तो अजून आठवतो. इथंसुद्धा! जिथं माणूस नाही, गाव नाही, तिथंसुद्धा कुणीतरी येऊन दगड रंगवून ठेवलेत. आठ दिवसांनी इथं पस्तीस पोरं येणार. निम्मी हात जोडणार, निम्मी बाजूनं जाणार, कुणाचा तरी पाय लागणार, कुणीतरी गावात जाऊन सांगणार आणि अण्णांना पुन्हा वाकावं लागणार. मी मागं पाहिलं. अण्णा दिसत नव्हते. मी पहिला दगड उचलला आणि दरीत टाकला. मग दुसरा, मग तिसरा. पान पायानं सारलं. दगड खाली जाताना आवाज झाला तो मला नीट वाटला नाही. दगड दगडावर आपटला की खणकन वाजतो. हे तिन्ही दगड रिकाम्या कणगीवर पडल्यासारखे वाजले, धप्प, आणि मग बराच वेळ खाली कुठंतरी माती घरंगळत राहिली. माझ्या अंगावर काटा आला. तो पापाचा काटा असेल असं वाटून मला स्वतःचाच राग आला, कारण असल्या गोष्टींना भ्यायचं नाही हेच तर आम्ही शिकलो होतो.

अण्णांनी मागून हाक मारली, "पमे, कशी आहे वाट?"

समोर गवत उगवलं होतं. पायवाट होती तशीच दिसत होती. "साफ आहे अण्णा!" मी ओरडून सांगितलं.

ते तोंडापर्यंत आले, उन्हात डोळ्यांवर हात धरून पाहिलं. तुटकी चप्पल हातात होती आणि अनवाणी पायात कुसळं गेली होती. "चल मग, माघारी फिरू," म्हणाले, "भाद्रपदात चाललोच आहोत. आता पुढं जायची गरज नाही." संध्याकाळी त्यांनी वहीत लिहिलं, "दोनदा पाहिली." त्यांच्या हयातीतलं ते एकच खोटं वाक्य असेल, आणि तेही माझ्या शब्दावर लिहिलेलं. दुसऱ्या दिवशी मायनं धुताना विचारलं, "पमे, वढणीला ह्ये केशरी कशाचं गं?" झेंडू चुरगळला, असं मी सांगितलं.

सहलीच्या दिवशी पोरं गाणी म्हणत निघाली. मी शेवटी होते, लहान पोरींबरोबर. माळ ओलांडेपर्यंत दहा वाजले. अण्णांनी सगळ्यांना सज्ज्याच्या तोंडापाशी सावलीत बसवलं, फडकी सोडायला सांगितली. "पोटभर खा. पुढं असं काही दाखवणार आहे की जेवण आठवणार नाही," असं म्हणाले. इतके खुशीत मी त्यांना क्वचित पाहिलं होतं. मग त्यांनी काठी उचलली. "मी वळणापर्यंत जाऊन येतो. तोपर्यंत कुणी जागचं उठायचं नाही." शर्टाच्या बाह्या दुमडलेल्या, डोक्याला टॉवेल. कांता मला धपाट्याचा तुकडा देत होती. मी तो घेतला आणि मान वर केली तेव्हा अण्णा वीसेक पावलांवर होते, काठी जमिनीवर ठोकत. काठीचा आवाज बदलला. मला तो आवाज ओळखू आला. मी उठले, तोंडात घास होता, हाक मारायला तोंड उघडलं आणि हाक निघाली नाही.

वाट कोसळली असं लोक म्हणतात, पण तसं काही झालं नाही. वाट नुसती खाली बसली, ओल्या भिंतीचा पोपडा सुटतो तशी, आणि तिच्यावर उभे असलेले अण्णा तिच्याबरोबर गेले. ते ओरडलेसुद्धा नाहीत. मग मातीचा लोट वर आला आणि पोरं किंचाळायला लागली.

ते वीस-पंचवीस फुटांवर एका टप्प्यावर अडकले होते. वस्तीवरची माणसं बाज आणि दोर घेऊन यायला दुपार झाली. तोपर्यंत मी कडेला पालथी पडून त्यांच्याशी बोलत होते, आणि ते खालून एकच विचारत होते, "पोरं मोजली का? पोरं मोज." पस्तीसच्या पस्तीस होती. मी तीनदा मोजून सांगितली. चौथ्यांदाही त्यांनी विचारलं.

बीडच्या दवाखान्यात दोन महिने गेले. मणका गेला होता. कमरेखालचं अंग परत आलं नाही. चौकशीला एक साहेब घरी आले. अण्णांनी पडल्या पडल्या लिहून दिलं, वाटेची पाहणी मी केली होती, वाटेवर धोक्याची कसलीही खूण नव्हती, अंदाज चुकला तो माझा. मी साहेबांना पाणी दिलं आणि आत जाऊन उभी राहिले. तोवर मला खरंच वाटत होतं की माझा यात काही दोष नाही. दगड ते दगड. वाट खचली ती पाण्यानं खचली, आणि त्याची कारणं अण्णांच्याच पुस्तकात होती. रात्री झोप लागायची नाही ती वेगळ्या कारणानं, असं मी स्वतःला सांगायची.

मृगाच्या आधी बिरामामा वर आला. बातमी त्याला गंगथडीलाच कळली होती. दारात काठी टेकवून तो आत आला, खाटेवरच्या अण्णांकडं पाहिलं आणि लहान पोरासारखा रडला. मी चहा टाकला. कप घेऊन बाहेर आले तेव्हा मामा डोळे पुसत बोलत होता.

"पर मास्तर, मला एक कळंना. तुमी तिकडं गेलातच कावून? परतीच्या पावसात माझी तीन मेंढरं तिथनंच खाली गेली. आतनं समदं पोकळ झालतं. मी निघालतो त्या दिशी वाटंत तीन दगड मांडले, शेंदूर फासला. काटेरी फांद्या टाकल्या असत्या तर कुनीबी जळनाला उचलून न्हेल्या असत्या. शेंदराला कोन हात लावतंय? आमचे समदे मेंढके आसंच करत्यात. नवा द्येव दिसला की मानूस थांबतंय. कुनाचा, कवा बसवला, कावून बसवला, ईचारतंय. तेवढ्यानं भागतंय. माझे दगड कुटं गेले, मास्तर?"

मी कप मामासमोर ठेवला. अण्णांनी माझ्याकडं पाहिलं. एकदाच. त्यांना चपलेचा तुटलेला अंगठा आठवला असणार, आणि मी ओरडून सांगितलेलं "साफ आहे". त्यांचा चेहरा रागावला नाही. तो रागावला असता तर मी तिथंच पाय धरले असते, असं मला वाटतं; पण हे म्हणणं सोपं आहे.

"मीच काढले, मामा," अण्णा म्हणाले.

"तुमी?"

"हो. पोरं जाणार होती. मला वाटलं, उगीच कटकट नको."

मामानं कप बाजूला सारला. चहा तसाच होता. मग तो उठला. "तुमी न्हाई मानत तर नगा मानू, मास्तर. म्या कवा मान म्हनलं? पर माझं हाय म्हनून तरी ईचारायचं. इतकी वर्सं तुमच्या दारात चहा पेलो." काठी घेऊन तो निघाला. त्याचा आवाज कोरडा झाला होता.

"पमे," अण्णा म्हणाले, "मामांना फाटकापर्यंत सोडून ये."

त्यांनी मला का पाठवलं, हे मी कितीतरी वर्षं स्वतःला विचारत आले. मला एक संधी द्यावी असं त्यांच्या मनात असेल. नसेलही, आल्या माणसाला पोचवायची आमच्या घराची रीतच होती. मी मामाच्या मागोमाग अंगणात गेले. फाटकाशी तो थांबला, वळला आणि माझ्या तोंडाकडं निरखून पाहिलं.

"पोरी, खरं सांग. मास्तरनं काढले? त्यो मानूस ईचारल्याबिगर झाडाचं पान तोडत न्हाई."

समोर उभा होता तो माझ्या बापाचा एकुलता एक दोस्त. एक शब्द सांगायचा होता. नर्सिंगचा कॉल आला होता, आठ दिवसांनी मला जायचं होतं, गावभर काय होईल, माय काय म्हणेल, हे सगळं डोक्यातून गेलं. आता वाटतं की यातलं काहीच कारण नव्हतं. मी भ्याले, इतकंच.

"हो मामा," मी म्हणाले, "अण्णांनीच काढले."

मामानं मान हलवली आणि गेला. अण्णा त्यानंतर एकोणीस वर्षं जगले, पण मामा पुन्हा आमच्या दारी आला नाही. फाटक लावून मी मागं वळले तेव्हा मला दिसलं, खोलीची फाटकाकडची खिडकी उघडी होती, आणि अण्णांची खाट खिडकीलाच लागून होती. त्यांना आपल्या आपण कूस बदलता येत नसे. मायला आणि मला मिळून ती बदलावी लागे. मी आत गेले तेव्हा त्यांनी कसंतरी करून तोंड भिंतीकडं केलं होतं.